गुरख्याची पेन्शन
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ठाकुर्ली पूर्वेला आमच्या सोसायटीत जो गुरखा आहे, त्याला आम्ही गेली चौदा वर्षं बहादूर म्हणतो. ते त्याचं नाव नाही. त्याच्याआधी जो होता, त्यालाही बहादूरच म्हणायचो. रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरायचं, पहाटे पाण्याचा पंप सुरू करायचा आणि एक तारखेला वही घेऊन प्रत्येक दारात उभं राहायचं, एवढीच त्याची आम्हाला ओळख. 'गुरखा' हा शब्द मराठीत असा कामाचं नाव होऊन बसला आहे. तो नेपाळातल्या एका लहानशा राज्याच्या नावावरून आला, हे मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवूनही एका ओळीत उरकत असे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी हा बहादूर प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दारात आला. "सर, जरा वाचून बघता? इंग्रजीत आहे, आणि सगळं सरकारी आहे." त्याचे वडील जूनमध्ये गावी वारले होते. गाव पोखऱ्याच्या दक्षिणेला, स्यांग्जा जिल्ह्यात. मला वाटलं, जमिनीचे कागद असतील. पिशवीतून निघालं ते भारतीय सैन्याचं डिस्चार्ज बुक, इलाहाबादच्या रक्षा लेखा कार्यालयाचा पेन्शनचा हुकूम, पेन्शनचं कव्हर निघालेलं पुस्तक आणि त्याच्या आईचं नेपाळी नागरिकतेचं प्रमाणपत्र. वडील १९६५ साली आपल्या सैन्यात गोरखा रायफल्समध्ये भरती झाले होते, १९७१ च्या लढाईत पूर्व बंगालात होते, सतरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनीत निघाले. मग काही वर्षं त्यांनीही मुंबईत एका गिरणीच्या गेटवर रखवालदारी केली होती. चौदा वर्षं ज्याच्याकडे आम्ही गाडी लावायला जागा ठेव म्हणून ओरडत होतो, त्याच्या घरात हे सगळं होतं.

अडचण अशी होती. वडिलांच्या मागे आईला कौटुंबिक पेन्शन मिळायची. पण सैन्याच्या कागदावर आईचं नाव माहेरच्या आडनावानं होतं आणि नागरिकतेच्या कागदावर सासरच्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी विचारलं, कुणी सांगितलं आणि कुणी लिहिलं, हे आता कोण सांगणार? आपल्याकडच्या बायकांनाही हे नवीन नाही. माझ्या आईचं नाव रेशनकार्डावर एक आणि बँकेत दुसरं होतं.

त्या कागदांमुळे मी पुन्हा पुस्तकं काढली.

इंग्रज आणि नेपाळ यांची लढाई १८१४ साली जुंपली. डोंगरी किल्ल्यांवर इंग्रजांनी मार खाल्ला, शेवटी जिंकले, पण समोरच्या शिपायावर असे खूश झाले की लढाई चालू असतानाच, १८१५ च्या एप्रिलमध्ये, त्यांनी याच लोकांच्या पलटणी उभ्या करायला सुरुवात केली. सुगौलीचा तह त्यानंतर झाला. नेपाळी तरुण त्याआधीपासूनच लाहोरला महाराजा रणजितसिंगांच्या फौजेत जात असत. त्यावरून परक्या फौजेत चाकरी करणाऱ्याला नेपाळीत 'लाहुरे' म्हणतात. आज कतारला जाणाऱ्या मजुरालाही कधीकधी तोच शब्द चिकटतो.

आपल्या इतिहासाशी या शिपायांचा संबंध सगळाच गोड नाही, तेही सांगितलं पाहिजे. १८५७ मध्ये गोरखा पलटणी इंग्रजांच्या बाजूनं लढल्या, आणि नेपाळचे जंगबहादूर राणा फौज घेऊन लखनौवर चालून आले. गंमत अशी, की पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांनी आसरा शोधला तो नेपाळच्याच तराईत, आणि त्यांचा शेवटचा माग तिथंच हरवतो. पुढे १९१९ साली जालियनवाला बागेत डायरनं जे शिपाई नेले, त्यांतही गोरखे होते. पलटणीतला शिपाई हुकूम मानतो. हुकूम कुणाचा, यावर त्याचं नाव चांगलं की वाईट हे ठरतं. त्याच्या हातात ते नसतं.

दुसऱ्या महायुद्धात मात्र मराठा आणि गोरखा खांद्याला खांदा लावून इटलीत होते. आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये दोघांच्याही पलटणी होत्या. त्या डिव्हिजनमधल्या थमन गुरुंग या गोरख्याला नोव्हेंबर १९४४ मधल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या कामगिरीबद्दल. युद्ध संपलं आणि हजारो शिपाई घरी परतले. पंधरा वर्षं नोकरी झाली नसेल तर पेन्शन नाही, असा नियम. युद्धासाठी भरती झालेल्यांची पंधरा वर्षं कुठून होणार? सातारा-कोकणातल्या घरांत जे झालं, तेच नेपाळच्या डोंगरांत झालं. पदकं आली, बिल्ले आले, पैसे आले नाहीत.

१९४७ मध्ये फौजेची वाटणी झाली. तोफा, गाड्या, वाद्यं, जेवणाची भांडीसुद्धा वाटली गेली. गोरख्यांच्या दहा रेजिमेंट होत्या. हे शिपाई तर तिसऱ्याच देशाचे. मग ९ नोव्हेंबर १९४७ रोजी काठमांडूत भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. पहिली, तिसरी, चौथी, पाचवी, आठवी आणि नववी या सहा रेजिमेंट भारताकडे राहिल्या. दुसरी, सहावी, सातवी आणि दहावी ब्रिटनकडे गेल्या. शिपायांना निवड दिली. ब्रिटनकडे जाणाऱ्या पलटणींतल्या पुष्कळांनी 'आम्ही हिंदुस्थानातच राहतो' असं सांगितलं, आणि त्यांच्यासाठी १९४८ साली अकरावी गोरखा रायफल्स उभी राहिली. नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान पद्म शमशेर यांचं एक म्हणणं होतं: आमच्या माणसांना भाडोत्री समजू नका, तुमच्या इतर शिपायांसारखंच वागवा.

पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा हिशेब याच एका वाक्याच्या कसोटीवर लावता येतो.

भारतानं आपल्या सैन्यातल्या नेपाळी शिपायाला भारतीय शिपायाच्याच नियमांनी पगार आणि पेन्शन दिली. वेतन आयोग बसला की त्याचंही वाढलं, समान पद समान पेन्शन योजना आली तीही त्याला लागू झाली. ब्रिटननं काय केलं? १९४८ ची त्यांची गोरखा पेन्शन योजना भारतीय सैन्याच्या दरांना बांधलेली होती. म्हणजे लंडनच्या सरकारचा शिपाई, हाँगकाँगात, बोर्निओत, फॉकलंडमध्ये लढणारा. पेन्शन मात्र दिल्लीच्या दरानं. त्याच्या शेजारच्या खंदकातल्या गोऱ्या शिपायाला त्याच्या कित्येक पट. शिवाय साठ-सत्तरच्या दशकांत कपात झाली तेव्हा पंधरा वर्षं न भरलेले हजारो जण पेन्शनविना घरी गेले. त्यांच्यासाठी १९६९ साली गुरखा वेल्फेअर ट्रस्ट निघाली. धर्मादाय संस्था, देणग्यांवर चालणारी. २००७ साली पेन्शन बरोबरीला आणली, पण १ जुलै १९९७ च्या दिवशी किंवा त्यानंतर नोकरीत असलेल्यांनाच. आधीचे तसेच राहिले. २००९ मध्ये अभिनेत्री जोआना लमली यांनी पुढाकार घेतल्यावर माजी सैनिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळाला. २०२१ मध्ये म्हातारे गोरखे लंडनमध्ये उपोषणाला बसले, ते पेन्शनसाठीच.

हे वाचून आपली छाती जरा फुगते. माझीही फुगली. पण थोडं थांबावं. दिल्लीच्या दरानं पेन्शन मिळणं दिल्लीत आणि स्यांग्जात सारखं पडत नाही. तिथं तो पैसा मोठा वाटतो, म्हणून आपली उदारता मोठी दिसते. १९९३ पासून भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे एक रुपया साठ पैसे असा ठरलेला दर आहे. इथले दहा हजार तिथं सोळा हजार होतात. डोंगरातल्या गावात सोळा हजारांचं महिन्याचं नक्की उत्पन्न म्हणजे काय, ते गावाकडे मनिऑर्डरची वाट पाहिलेल्यांना सांगायला नको.

आता मदतीविषयी. भारताची नेपाळला मदत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. काठमांडूचं विमानतळ, तराईतून काठमांडूला चढणारा त्रिभुवन राजपथ (तो आपल्या लष्करी इंजिनिअरांनी बांधला), पुढं शाळा, दवाखाने, वीज, रस्ते. १९५४ च्या कोशी कराराबद्दल आणि १९५९ च्या गंडक कराराबद्दल नेपाळात अजून कुरकुर आहे, की धरणं आमच्या जमिनीवर आणि पाणी तुमच्या शेताला. ती अगदी बिनबुडाची नाही. धरानमध्ये ब्रिटिशांची गोरखा छावणी होती, तिथं त्यांचं इस्पितळही होतं. ती छावणी नेपाळच्या हाती आली आणि त्याच जागेवर १९९३ साली भारताच्या मदतीनं बी. पी. कोइराला आरोग्य विज्ञान संस्था उभी राहिली. मला यातलं सगळ्यात चांगलं काम तेच वाटतं. एका सरकारनं शिपाई नेले त्या आवारात दुसऱ्यानं डॉक्टर तयार करायला मदत केली.

मात्र शिपाई तर आपणही नेत होतो. आणि इथं मला मास्तरकी सुचली. पेन्शनची निदान रक्कम २०१६ पासून महिना नऊ हजार रुपये. नेपाळात भारतीय सैन्याचे पेन्शनर, विधवा धरून, सव्वा लाखाच्या आसपास. सव्वा लाख गुणिले नऊ हजार गुणिले बारा. उत्तर १३५० कोटी रुपये. हे अगदी तळाचं गणित झालं; महागाई भत्ता धरलेला नाही, आणि सगळे काही निदान पेन्शनवर नसतात. केंद्राच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात नेपाळच्या मदतीसाठी ७०० कोटी होते. म्हणजे ज्याला आपण 'मदत' म्हणतो, त्याच्या दुप्पट पैसा दुसऱ्याच दारानं जातो, आणि तो मदत नव्हे. ते कमावलेलं आहे. सरकारी भाषणांत आणि वर्तमानपत्री लेखांत दोन्ही एकाच दमात येतात, पूल, दवाखाना, रुग्णवाहिका, पेन्शन. जणू सगळीच देणगी. आपल्या गावच्या निवृत्त हवालदाराला कुणी असं म्हटलं, तर तो काय उत्तर देईल?

हा पैसा पोचतो कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. इंग्रजांच्या काळात पेन्शन घ्यायला डोंगर उतरून खाली हिंदुस्थानात यावं लागे. पुढं भारताच्या वकिलातीखाली काठमांडू, पोखरा आणि धरान इथं पेन्शन देणारी कार्यालयं झाली, दूरच्या जिल्ह्यांत शिबिरं भरू लागली. बहादूरचे आजोबाही फौजी. ते पेन्शनला निघाले की वाटेत मुक्काम करत, परतताना मीठ, कापड आणि एखादं भांडं पाठीवरच्या डोक्यात, म्हणजे त्यांच्या त्या शंकूसारख्या टोपलीत, घालून आणत. वडिलांच्या वेळी एसटीसारख्या गाड्या आल्या. आता पैसे बँकेत जमा होतात. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक बोर्डं आहेत, आपल्याकडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासारखी. अर्ज भरून देणं, हयातीचा दाखला, कागद पुढे पाठवणं, ही कामं तिथं होतात. माजी सैनिकांची ईसीएचएस ही औषधोपचाराची योजना नेपाळपर्यंत नेली गेली आहे. माजी सैनिकांच्या गावांत नळाचं पाणी आणि वीज नेण्याची कामंही वकिलातीच्या सैनिकी विभागानं केली आहेत.

मुंबईशी या पलटणींचा एक धागा आहे, तो राहून जाऊ नये. मेजर जनरल इयान कार्डोझो मुंबईचे. १९७१ मध्ये ते पाचव्या गोरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनमध्ये मेजर होते. सिल्हेटला ही बटालियन हेलिकॉप्टरनं उतरवली गेली. आपल्या सैन्याचा तो तसला पहिलाच प्रयोग. तिथं सुरुंगावर पाय पडला. पाय लोंबकळत होता, भूल द्यायला औषध नव्हतं. तोडायला सांगितलं तर त्यांचा गोरखा शिपाई धजेना. तेव्हा त्यांनी त्याचीच खुकरी घेऊन स्वतःचा पाय कापला. पुढं लाकडी पायावर बटालियनचं आणि ब्रिगेडचं नेतृत्व केलं. 'कार्डोझो' हे नाव जिभेवर बसेना म्हणून शिपायांनी त्यांचं 'कारतूस साहेब' केलं होतं. ही गोष्ट मी बहादूरला सांगितली. त्याला ती माहीत होती, वडिलांकडून. खुकरीला तेवढी धार असतेच, एवढंच तो म्हणाला.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप आठवत असेल. त्याचं केंद्र गोरखा जिल्ह्यात, बारपाक गावाजवळ. हे फौजींचं गाव. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे गजे घले इथले. दगडामातीची घरं उभीच्या उभी बसली. भारताची विमानं काही तासांत काठमांडूला पोचली. पुढं शंभर कोटी डॉलरची मदत जाहीर झाली, त्यातली पाव भाग देणगी आणि बाकी कर्ज. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत पन्नास हजार घरं बांधायला भारतानं मदत केली. पण त्याच वर्षी सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत आंदोलन पेटलं, आणि सीमेवर ट्रक अडकले ते काही महिने. गॅस नाही, पेट्रोल नाही, औषधं नाहीत. नेपाळनं भारताला दोष दिला, भारतानं तो नाकारला. बहादूर तेव्हा गावी होता. "सर, एप्रिलमध्ये लोक भारताला हात जोडत होते, दिवाळीत शिव्या देत होते," तो म्हणाला. "आणि बाबा? बाबा दोन्ही वेळा गप्प. मेडल लावून बाहेर बसायचे." गावात भारताच्या नावानं घोषणा देणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांची फी त्याच पेन्शनीतून गेली होती, असंही त्यानं सांगितलं. निम्म्या की चार, ते मी मोजायला गेलो नाही.

बहादूरच्या कागदांचं पुढं असं झालं. त्यानं महिन्याची रजा मागितली. आमच्या कमिटीनं त्यावर दोन सभा घेतल्या, बदली माणूस कोण देणार, त्याचे पैसे कुणी द्यायचे. (त्या सभांत मीही होतो, आणि पहिल्या सभेत गप्प होतो.) शेवटी तो ऑक्टोबरात गेला. तिथं वॉर्ड कार्यालयातून 'ही दोन्ही नावं एकाच बाईची' अशी शिफारस घ्यायची पद्धत आहे. ती घेतली, सैनिक बोर्डात कागद दिले, आईला खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून, फोटो काढायला रस्त्यापर्यंत आणलं. पेन्शन सुरू झाली ती मार्च २०२४ मध्ये, मागच्या महिन्यांच्या थकबाकीसह. त्यातून आईनं पहिल्यांदा घराचा पत्रा बदलला. मला त्यानं सुकवलेल्या मुळ्याची पिशवी आणून दिली. त्याची भाजी आमच्या घरी कुणालाच जमली नाही.

हे प्रकरण इथंच मिटलं असतं, पण त्याला अठरा वर्षांचा मुलगा आहे. पणजोबा, आजोबा फौजेत. बहादूर स्वतः छातीच्या मापात एक इंच कमी पडला, म्हणून आमच्या गेटवर आला. मुलगा त्याच्यापेक्षा उंच, रोज पहाटे पाठीवर वाळूची टोपली घेऊन चढण पळायचा. ब्रिटिशांच्या भरतीची ती कसोटीच आहे तिथं, पंचवीस किलोंची. २०२० मध्ये कोविडमुळे भरती थांबली. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली: चार वर्षं नोकरी, त्यानंतर चारांतला एक कायम, बाकीचे तिघं एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. ऑगस्टमध्ये नेपाळ सरकारनं कळवलं, की हे १९४७ च्या करारात बसत नाही, भरती तूर्त थांबवा. तेव्हापासून नेपाळातले मेळावे भरले नाहीत.

दोन्ही बाजूंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. भारत म्हणतो, आमच्या मुलांना जो नियम तोच तुमच्या मुलांना. आणि पद्म शमशेर यांनी हेच तर मागितलं होतं. नेपाळ म्हणतं, चार वर्षं बंदूक शिकलेला बावीस वर्षांचा बेकार मुलगा आम्ही डोंगरात सांभाळायचा कसा? दहा वर्षं माओवादी यादवी भोगलेल्या देशानं हे विचारलं तर त्याला भित्रा म्हणता येत नाही. मला स्वतःला वाटतं, नियम सारखा असणं आणि वाट्याला येणारं सारखं असणं यांत अंतर आहे. इथल्या अग्निवीराला पोलीस, निमलष्करी दल, कारखाने, काही ना काही दारं आहेत. तिथल्याला पुढचं दार म्हणजे विमानतळ. गणितही सरळ आहे. २०१९ च्या सुमारास भरती झालेले जवान २०३५ च्या आगेमागे पेन्शनीत निघतील. त्यानंतर नवं पेन्शनचं पुस्तक कुणाच्या घरात येणार नाही, आणि जुनी एकेक करून बंद होत जातील. वकिलातीनं कितीही रुग्णवाहिका वाटल्या तरी ती जागा भरेल असं मला वाटत नाही.

काही नेपाळी तरुण रशियाच्या फौजेत गेले, युक्रेनमध्ये मेले. नेपाळनं जानेवारी २०२४ मध्ये त्या दोन्ही देशांचे कामाचे परवाने थांबवले. बहादूरनं हे मोबाइलवर पाहिलं आणि मुलाला सक्त सांगितलं, तिकडे नाही.

गेल्या दिवाळीत मुलगा आठवडाभर बापाकडे ठाकुर्लीला आला होता. गेटजवळच्या खोलीत खाटेवर बसून वहीत काहीतरी गिरवत असायचा. बहादूर ती वही घेऊन वर आला. तो आता पोखऱ्याला कोरियन भाषेच्या वर्गाला जातो. परीक्षा पास झाली तर तिकडच्या कारखान्यात किंवा शेतावर काम मिळतं. वहीत पानंच्या पानं गोल, काटकोनी अक्षरं भरली होती.

"सर, हे बरोबर लिहितो का तो? बघता जरा?"

मी चष्मा लावला, दोन पानं उलटली. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.